अठ्ठाविसावी पट्टी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, हा कागद पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याची खात्री कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने परवा करून घेतली. त्याने वार, तारीख आणि माझ्या गोळ्यांची नावं विचारली. वार आणि तारीख मी बरोबर सांगितली. गोळ्यांची नावं त्यालाही चिठ्ठी बघूनच सांगता येतात. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही आणि मला कोणी भुलवलेलं नाही. भुलवायला घरी कोणी यावं तरी लागतं. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही, तेव्हा जुना सापडेल म्हणून कपाटं उचकू नयेत.

१. दोन खोल्या, पुढचं दुकान आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या पुतणीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला, मिळावं. आम्हा नवराबायकोला मूल नव्हतं आणि बायको जाऊन तेवीस वर्षं झाली. पुतणी वर्षातून दोनदा येते. दर वेळी फाटलेलं पुस्तक बांधायला आणते, म्हणजे बापाने विचारलं तर सांगायला कारण असतं. यातली निदान चार पुस्तकं तिने स्वतः फाडून आणली आहेत. मुद्दाम फाडलेल्या आणि वाचून फाटलेल्या पुस्तकातला फरक बांधणाऱ्याला कळत नाही असं तिला वाटतं. मी कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर ती यायची थांबली असती. तिच्यावर एकच अट: स्वयंपाकघराच्या खिडकीत बायकोचा चष्मा आहे, तो तिथेच राहू द्यावा.

२. दाबाचं यंत्र, दोन्ही मोठ्या कात्र्या, टोचे, सुया, घडी घालायची हाडाची पट्टी आणि खळ शिजवायचं पातेलं शिवणबाईला द्यावं. शिवणबाई म्हणजे माझ्याकडे एकोणीस वर्षं पुस्तकं शिवणारी बाई. तिचं नाव तिला आणि मला माहीत आहे, तेवढं पुरे. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ आहे. हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण ती लगेच रजा मागते. पातेल्याला आतून जो थर बसला आहे तो घासून काढू नये. त्याच्यामुळे खळीला गाठी होत नाहीत, असं माझं मत आहे आणि ते चूक असल्याचं तिचं मत आहे. माझ्यामागे तिचं चालेल.

३. समोरच्या चावीवाल्याकडे माझी लाकडी शिडी सहा वर्षांपासून आहे. ती त्यालाच देऊन टाकावी असं मनात होतं. पण तो या कागदाचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असा कायदा आहे. म्हणून शिडी त्याने परत आणावी.

४. आता माझ्या वह्यांबद्दल. त्यासाठी वाचनालयाची रीत सांगावी लागेल.

आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या मागे एक जास्तीचं कोरं पान असतं. ते मीच चिकटवतो. पुस्तक वाचून संपवणाऱ्याने त्यावर दहापैकी मार्क द्यायचे, दोन ओळींत मत लिहायचं आणि नावाऐवजी सभासद क्रमांक टाकायचा. नियम एकच: पुस्तक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेलं असलं पाहिजे. अर्धवट वाचणाऱ्याला मार्क द्यायचा हक्क नाही. एक्केचाळीस वर्षं ही पानं माझ्या हाताखालून गेली, त्यामुळे या गावात कोण कसं वाचतं हे मला ज्याच्या त्याच्या बायकोपेक्षा जास्त माहीत आहे. सभासद एकोणनव्वद सगळ्यांना दहा देतो. असा माणूस घरीही कशालाच 'नाही' म्हणत नसणार. सभासद दोनशे सात आधी वरचे मार्क बघतो आणि त्यांची सरासरी काढून तीच लिहितो. एक महाभाग जाड पुस्तकाला जाडीबद्दल दोन मार्क कापतो. एकीने सलग तीन वर्षं प्रत्येक रहस्यकथेच्या मागे खुनी कोण ते लिहून ठेवलं होतं, आणि वर 'पुढच्यांचा वेळ वाचावा म्हणून' असं कारणही दिलं होतं. लोक रागाने लिहितात, उपकार केल्यासारखे लिहितात, कोणी तरी वाचेल म्हणून लिहितात. अगदी शेवटच्या कारणासाठी लिहिणारे सगळ्यात जास्त.

मी बांधायला आलेलं प्रत्येक पुस्तक वाचतो. पण मी सभासद नाही, कामाचा माणूस आहे, म्हणून त्या पानावर लिहायची मला परवानगी नाही. पहिल्याच वर्षी मी एकदा लिहिलं होतं. तेव्हाच्या ग्रंथपालांनी ते खोडरबराने पुसलं आणि म्हणाले, "तुम्ही फक्त पान चिकटवायचं हो." ते वारले. मी त्यांना तीन मार्क दिले आहेत. त्यानंतर माझी मतं मी वह्यांत लिहिली. अकरा वह्या झाल्या. त्या आजवर कोणीही वाचलेल्या नाहीत.

या अकरा वह्या सभासद क्रमांक तीनशे बारा यांना द्याव्यात. बाई आहेत की पुरुष, मला ठाऊक नाही. अक्षर बारीक, पेन्सिल टोकदार, वाक्य कधी दोनाच्या वर नाही. एका गाजलेल्या पुस्तकाला ओळीने सगळ्यांनी नऊ आणि दहा दिले होते आणि तीनशे बारांनी सहा. माझ्या वहीत आदल्या दिवशीच मी सहा लिहिले होते. त्या दिवशी मी दोघांचा चहा केला आणि दोन्ही कप मीच प्यायलो. वाचनालयात जाऊन क्रमांकावरून नाव विचारता आलं असतं. विचारलं नाही. समोर आल्यावर बोलायला काही सुचलं नसतं, तर जे होतं तेही गेलं असतं.

५. आता माझ्या थोरल्या भावाबद्दल. वय ऐंशी, शाळेत भूमिती शिकवायचा, इथून चालत वीस मिनिटांवर राहतो. आम्ही तेवीस वर्षांत एकमेकांशी बोललेलो नाही. का, ते या कागदात एकदा नीट लिहून ठेवतो, कारण जे आजवर सगळ्यांना माहीत आहे ते चूक आहे.

दादाने आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. नावं बदलून आमचंच लहानपण होतं. छापून आल्याबरोबर पहिली प्रत वाचनालयाला दिली आणि मला म्हणाला, "छोट्या, तुझे मार्क मला कळले पाहिजेत." त्या वर्षी बायको आजारी होती. मी आज वाचतो, उद्या वाचतो म्हणत राहिलो. वर्षभर लोकांनी ते पुस्तक इतकं वाचलं की त्याची पाठ उसवली आणि ते बांधायला माझ्याकडेच आलं. तोवर बायको गेली होती. दादा रोज संध्याकाळी येऊन बसायचा, काही बोलायचा नाही. त्याच्यासाठी म्हणून मी पुस्तक बांधलं आणि बांधून झाल्यावर एका बैठकीत वाचून काढलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. त्याने विचारलं, "किती?"

"चार," मी म्हणालो. खोटे मार्क मी बायकोच्या आवडत्या पुस्तकालाही दिले नव्हते.

"चार? का रे?"

"सगळं छान आहे, पण शेवटच नाही दादा. मध्येच थांबतं. दमलास की काय?"

त्याने खुर्ची जवळ ओढली. "आणि सायकल?"

"कुठली सायकल?"

"छोट्या, तू शेवटपर्यंत वाचलंस?"

"अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. शपथ घेऊन सांगतो."

"ऊठ," तो म्हणाला. "वाचलं नाहीस ते नाहीसच, वर शपथ घेतोस. ऊठ इथून."

मलाही राग आला. एकतर मार्क विचारायचे आणि कमी पडले की हाकलायचं! मी तरातरा निघून आलो. त्याने राहिलेल्या सगळ्या प्रती रद्दीत घातल्याचं पुढे पुतणीने सांगितलं, आणि त्यानंतर एक ओळ लिहिली नाही हेही. मी म्हणत राहिलो की दादाला खरं ऐकवत नाही. सगळ्यांना तेच सांगितलं. वाचनालयाच्या प्रतीवर त्यानंतर चार-पाचच मार्क पडत गेले. तीनशे बारांनी लिहिलं होतं, 'शेवटचं पान शेवटचं वाटत नाही. पाच.' बघा, म्हटलं, शहाण्या माणसाला पटतं.

६. चूक माझी होती. ती अशी.

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांचं बनतं. त्या घडीला आम्ही फर्मा म्हणतो. बांधायला घेतलं की जुना दोरा काढून फर्मे सुटे करायचे, मग परत शिवायचे. नवीन पुठ्ठा लावण्याआधी पुस्तकाच्या पाठीवर आतून कागदाची एक पट्टी चिकटवतात, ती पाठीला धरून ठेवते. बाहेरून कधी दिसत नाही. त्यासाठी छापखान्यातले वाया गेलेले फर्मे आणून आम्ही त्यांच्या आडव्या पट्ट्या कापतो. दादाच्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा मी टेबलावर नेमका त्या वाया गेलेल्या ढिगावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कापून टाकला. अठ्ठावीस पट्ट्या झाल्या आणि महिन्याभरात अठ्ठावीस पुस्तकांच्या पाठीत गेल्या. शिवताना फर्मे मोजायचे असतात, हे शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. मी मोजले नाहीत. आदल्या फर्म्याचं शेवटचं पान नेमकं प्रकरण संपवून थांबत होतं, त्यामुळे वाचतानाही कळलं नाही. बायको जाऊन नऊ दिवस झाले होते. हे कारण म्हणून लिहीत नाही, तारीख म्हणून लिहितो.

चौदा वर्षांपूर्वी एक जुना शब्दकोश परत बांधायला आला. त्याच्या पाठीवरची पट्टी भिजवून सोडवली तर तिच्यावर छापलेलं होतं, 'वडिलांच्या सायकलचा दांडा मोडलेला पाहून धाकटा'. आमच्या वडिलांच्या सायकलचा दांडा माझ्या सातव्या वर्षी मोडला होता. कोणी मोडला ते कळलं नाही. सायकलपाशी शेवटचा मी दिसलो होतो, म्हणून मार मी खाल्ला. दोन दिवस ताठ बसता येत नव्हतं.

त्या महिन्यात बांधलेलं एकेक पुस्तक मी शोधून काढलं. बांधल्याची तारीख मी पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलने टाकतो, ती कामाला आली. 'पाठ सैल झाली आहे' अशी थाप मारून पुस्तकं मागवायची, पट्टी सोडवायची, परत बांधायची. सहा वर्षं लागली. सत्तावीस पट्ट्या मिळाल्या. मी त्या जुळवून चिकटवल्या आणि दादाच्या पुस्तकाचा शेवट, छापून आल्यानंतर सोळा वर्षांनी, वाचला.

सायकल दादाने मोडली होती. उतारावरून सोडली आणि पडला. मला मार बसत असताना तो दाराआड उभा होता. ती सोळा पानं तेवढ्यासाठीच आहेत. शेवटच्या पानावर थोरला म्हातारपणी धाकट्याच्या घरी जातो आणि दारात उभं राहून त्याला म्हणतो, आणि तिथे पट्टी संपते. पुढच्या पाच ओळी अठ्ठाविसाव्या पट्टीवर होत्या. ती ज्या पुस्तकाच्या पाठीत गेली, ते ओल लागलेल्या भिंतीच्या कपाटात कुजलं आणि वाचनालयाने फेकून दिलं.

तेव्हा त्याने मला 'आणि सायकल?' असं विचारलं होतं, ते यासाठी. मी 'कुठली सायकल' म्हणालो. त्याने काय समजावं? एक तर मी वाचलं नाही, नाही तर वाचूनही न वाचल्यासारखं केलं. मी त्याच्या जागी असतो तर मीही ऊठ म्हणालो असतो.

हे कळल्यावर त्याच दिवशी जायला हवं होतं. गेलो नाही. आधी म्हटलं, सगळ्या पट्ट्या मिळू देत. मग म्हटलं, शेवटची मिळू दे. मग इतका उशीर झाला की उशिराचीच लाज वाटायला लागली. मी भित्रा माणूस आहे. पुस्तकांना तीन-तीन मार्क द्यायला धैर्य लागत नाही.

७. वाचनालयाकडून मागून घेऊन, सत्तावीस पट्ट्या लावून परत बांधलेलं हे पुस्तक माझ्या मृत्यूनंतर दादाला पोचवावं. मागच्या कोऱ्या पानावर मी मार्क दिलेले नाहीत. शेवटच्या पाच ओळी मी वाचलेल्या नाहीत आणि नियम सगळ्यांना सारखा आहे.

८. माझ्यामागे सभा घेऊ नये. मेलेल्या माणसाला सगळेच दहा देतात.

वरचं सगळं मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली. चावीवाला तिसऱ्या कलमाला खोकला.

सही : पुस्तक बांधणारा
साक्षीदार : १. औषधवाला  २. चावीवाला
ठिकाण : दुकान
दिनांक : ३ सप्टेंबर

पुरवणी

वरचा कागद सुकत ठेवला होता तो शिवणबाईने वाचला. परवानगी मागितली नाही. वाचून झाल्यावर सुई खाली ठेवून म्हणाली, "काका, वीस मिनिटांवर राहतो माणूस आणि तुम्ही मेल्यावर पुस्तक पाठवणार? आणि तेच आधी गेले तर? मग मी कुणाच्या हातात देऊ?" याचा मी विचार केला नव्हता. सहा वर्षांनी मोठा आहे माझ्यापेक्षा. इतका साधा हिशेब, पण डोक्यात मीच आधी मरत होतो.

चार तारखेला पुस्तक घेऊन गेलो. दार पुतणीने उघडलं. तिच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. दादा टेबलाशी बसला होता, हातात भिंग. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: फर्मा, पट्ट्या, शब्दकोश. पुस्तक उघडून समोर ठेवलं. त्याने जोडांवरून बोट फिरवलं, एकेक पट्टीवरून, शेवटच्या रिकाम्या जागेपर्यंत.

"केव्हा कळलं तुला?"

"चौदा वर्षं झाली."

त्याने भिंग खाली ठेवलं. मग म्हणाला, "तेवीस वजा चौदा, नऊ. नऊ वर्षं त्या चुकीची, छोट्या. चौदा तुझी."

मी पुस्तक मिटायला हात पुढे केला.

"पुस्तक ठेव इथे. आणि जा आता."

मी परत आलो. पुढचे आठ दिवस दुकानाच्या दारात सावली पडली की मी मान वर करायचो. बहुतेक वेळा चावीवाला असायचा, शिडीशिवाय. शिवणबाई दोनदा म्हणाली, "येतील हो," आणि तिसऱ्यांदा म्हणाली नाही. हे लिहून ठेवतो की या चौऱ्याहत्तर वर्षांत मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, बायको गेली तेव्हाही नाही. तेव्हा संध्याकाळी दादा येऊन बसायचा.

काल पुतणी पुस्तक घेऊन आली. या वेळी फाटलेलं नव्हतं. शेवटच्या पानाच्या तळाशी, रिकाम्या जागेत, दादाने स्वतः कागदाची पट्टी कापून चिकटवली आहे. जन्मभर भूमिती शिकवलेल्या माणसाने पट्टी वाकडी लावली आहे आणि खळ जागोजागी गोळा झाली आहे. सोबत चिठ्ठी होती: 'तेव्हा तीनदा बदललं होतं. छापलेलं कुठलं ते आठवत नाही. हे आत्ताचं आहे.' पट्टीवर त्याच्या अक्षरात पाच ओळी आहेत:

'सायकल मी मोडली होती. मार तू खाल्लास.
तेव्हा बोललो नाही, कारण भीती वाटली.
नंतर बोललो नाही, कारण उशीर झाला होता.
हे तुला समजावून सांगायची गरज नाही.
आत येऊ का?'

सबब कलम सात रद्द समजावं. पुस्तक पोचलं आहे. कलम तीनसुद्धा रद्द. शिडी आज सकाळी आली. तिच्या दोन पायऱ्या चावीवाल्याने नव्या बसवल्या आहेत, हे मान्य करतो. बाकी कलमं होती तशीच.

आज मी हे पुस्तक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. वाकडी पट्टी आणि खळीच्या गाठी धरलेल्या नाहीत. मार्क ठरले आहेत. ते वहीत लिहिलेले नाहीत आणि इथेही लिहीत नाही. विचारले दादाने होते, तेव्हा आधी त्याला तोंडाने सांगायचे आहेत, आणि माझ्या पायांनी आता वीस मिनिटांची पंचवीस होतात. साक्षीदारांनी सह्या जरा लवकर कराव्यात.

सही : पुस्तक बांधणारा, म्हणजे धाकटा
साक्षीदार : १. औषधवाला  २. चावीवाला
ठिकाण : दुकानाच्या दारात, हातात कुलूप
दिनांक : १४ सप्टेंबर